घड्याळाला काय कळतं!

मागच्या महिन्यात आमच्या हॉलमधलं घड्याळ बंद पडलं. एकदम नाही पडलं, सेकंदकाटा नऊच्या आकड्याच्या जरा खाली अडकला आणि तिथल्या तिथे थरथरत बसला, टिक व्हायचं पण पुढे सरकायचं नाही. मी ड्रॉवरमधून चार्जिंगवाला पेन्सिल सेल काढला, स्टूल ओढलं, चढले, तर खालून आई म्हणाल्या, "अगं तो अडीचशेचा सेल आहे ना? घड्याळाला काय कळतं त्यातलं! पंधरा रुपयेवाला घाल." आई म्हणजे सासूबाई, ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला मशीन आहे, पण घरात कुठे महागाचं काय वापरलं जातंय ते त्यांना मशीन न लावताही ऐकू येतं. मी हो हो म्हणत तोच सेल घातला, वेळ लावली आणि उतरले. घड्याळ सुरू झालं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. भाजी चिरताना आठवायचं, सिग्नलला थांबले की आठवायचं. आमच्याकडे आता साधे सेल बंद, सगळं चार्जिंगचं, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, त्यामागे पैसे होते, पर्यावरण होतं, थोडी हौस पण होती. पण कुठल्या वस्तूला त्यातलं काय कळतं, हे बघायची नजर त्या एका वाक्यात होती.

तसं बघितलं तर घड्याळ म्हणजे घरातली सगळ्यात कमी खाणारी वस्तू. आतला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, तो आकडा पंधरा वेळा अर्धा अर्धा करत आणला की बरोब्बर सेकंदाला एक ठोका उरतो, आणि त्या ठोक्यावर एक एवढीशी मोटर काटा एक घर पुढे ढकलते. बस, इतकंच काम. झिंक-कार्बनचा साधा सेल त्यात आरामात वर्षभर जातो, आणि जाताना सांगून जातो. काटा वर चढताना सगळ्यात जास्त जोर लागतो तो नऊच्या आसपास, कारण तिथे तो आडवा असतो आणि त्याचं सगळं वजन उचलायचं असतं, म्हणून सेल उतरत आलेलं घड्याळ बहुतेक वेळा तिथेच अडकतं. चार्जिंगवाल्या सेलचा स्वभाव वेगळा. त्याच्यावर 1.5 नाही, 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत त्याच पट्टीत चालत राहतो, मग अचानक बसतो. म्हणजे घड्याळात घातलेला अडीचशेचा सेल वसूल व्हायला पंधराएक वर्षं तर पाहिजेतच, आणि तोवर घड्याळ तरी तेच राहील का. आईंचा हिशोब चोख होता.

पण सेल म्हटलं की मला हिशोब नाही आठवत, मला वास आठवतो. बाबांच्या बॅटरीचा वास. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात दाराच्या मागे खिळ्याला तीन सेलवाली स्टीलची बॅटरी टांगलेली असायची, तिचं मागचं झाकण उघडलं की गंज, पितळ आणि काहीतरी आंबट असा वास यायचा, आणि स्प्रिंगवर हिरवट थर. ती बॅटरी लागायची पण खूप. 2003 च्या निवडणुकीत आमच्याकडे बिजली-सडक-पानी हाच मुद्दा का झाला होता हे त्या वर्षांत इंदूरला राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, संध्याकाळी लाइट गेली की ती कधी येईल ह्यावर शेजारीपाजारी पैजा लागायच्या. बॅटरीचा उजेड पिवळा व्हायला लागला की बाबा तिन्ही सेल काढून दुपारच्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर ओळीने उभे करायचे, पापडांच्या शेजारी. आम्हाला ते अडाणीपणाचं वाटायचं, पण त्यात थोडं तथ्य होतंच, गरम झालं की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते आणि विसावा मिळालेला सेल तासभर पुन्हा हात देतो. तो चार्ज होत नाही अर्थात, उरलंसुरलं बाहेर काढतो एवढंच.

आणि मग तो खरोखर मेला की आमचा व्हायचा. मागच्या अंगणात दगडाने ठेचून त्याची जस्ताची डबी फोडायची, आतून काळी भुकटी सांडायची, आणि मधोमध ती कार्बनची कांडी निघायची, गुळगुळीत, बोटाएवढी, अजून ओलसर. त्या कांडीने फरशीवर लंगडीचे घर आखायचो. खडूपेक्षा भारी, पावसानेसुद्धा पटकन जायचं नाही. हात काळे, फ्रॉक काळा, आणि संध्याकाळी मार. ती भुकटी मॅंगनीज डायऑक्साइडची असते हे कॉलेजात कळलं, आणि तो सगळा मामला 1866 मध्ये लक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने जमवला त्याचाच नातू-पणतू आहे हे त्याहून नंतर. आज माझा लेक असं काही फोडायला बसला तर मी किंचाळेन. तेव्हा कुणी किंचाळलं नाही, आणि ती मजा मी आजही वाईट म्हणू शकत नाही.

चार्जिंगचे सेल घरात आले ते पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर. त्याआधी कॉर्डलेस फोनमध्ये निकेल-कॅडमियमची गड्डी होती, पण ती दिसायची नाही म्हणून तिची दखल कुणी घेतली नव्हती. कॅमेरा मात्र सेल अक्षरशः गिळायचा. साधे सेल घातले की फ्लॅश मारून थोडेसे फोटो, की लेन्स आत. त्याचं कारण असं की कॅमेऱ्याला एकदम मोठा घोट लागतो, आणि साध्या सेलला तेवढा एका दमात देता येत नाही, आत माल शिल्लक असतो पण दारात गर्दी होते. निकेल-मेटल हायड्राइडचा, म्हणजे हा चार्जिंगचा सेल तिथे खरा मर्द, व्होल्ट कमी असूनही धो धो देतो. पण त्या काळातल्या त्या सेलला एक रोग होता. भरून कपाटात ठेवला तरी गळक्या माठासारखा आपोआप रिकामा होत जायचा, महिन्याभरात चौथा-पाचवा हिस्सा गायब. म्हणजे दिवाळीला भरलेले सेल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हमखास मेलेले. आमच्या घरातल्या त्या सगळ्या वर्षांच्या हळदीकुंकवाचे फोटो म्हणजे सुरुवातीच्या दोन बायका आणि वाण, पुढचं काही नाही.

मग 2005 च्या शेवटी जपानमध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे चार्जिंगचे सेल आणले. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली, सेल मात्र टिकले, आणि तसे सेल आता बऱ्याच कंपन्या काढतात. आतली रसायनं तीच, पण गळती इतकी कमी केलेली की वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक माल शाबूत. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' असं लिहिलेलं असतं ते ह्यामुळेच, जुन्या जातीचे सेल भरून विकून उपयोगच नव्हता. सेल निवडायचा तर माझ्या मते बघायची पहिली गोष्ट ही. लोक बघतात एमएएचचा आकडा, म्हणजे सेलमध्ये किती माल मावतो त्याचं माप, आणि दुकानदारही तोच दाखवतो. पेन्सिल सेलमध्ये 1900-2000 हा चांगला आकडा आहे, 2500 वालेही येतात, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, एनेलूपचाच साधा सेल कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 2100 वेळा चार्ज होतो आणि तो जास्त भरणारा प्रो फक्त 500 वेळा. तेवढ्याच डबीत जास्त माल कोंबला की मधले पडदे पातळ करावे लागतात, मग आयुष्य घटणारच. आणि 2700-2800 च्या वरचा आकडा ह्या मापाच्या निकेल सेलवर छापलेला दिसला की पाकीट सरळ खाली ठेवायचं. असे चार हजारी सेल बाजारात ढिगाने आहेत, हातात घेतले की हलके लागतात, त्यावरूनच समजायचं.

हे सगळं सोपं आहे. अवघड पुढे आहे.

चार्जिंगच्या सेलला घरात एक माणूस लागतं. हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. साधा सेल संपला की फेकला आणि नवा घातला, त्यात कुणाच्या लक्षात राहण्यासारखं काही नाही. चार्जिंगच्या सेलचं असं की कुठले भरलेले, कुठले रिकामे, कुठली जोडी कुणाबरोबरची, कुठले जुने झाले, हे कुणाच्या तरी डोक्यात चालू राहावं लागतं. आणि जोडी मोडायची नाही, हे तर महत्त्वाचं. चार सेल एका ओळीत असतात तेव्हा एक जरी अशक्त असला तरी तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघं त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्यात तो उलटा भरला जाऊन कायमचा बिघडतो. म्हणून मी प्रत्येक चौकडीवर मार्करने खूण करून ठेवलीय, एकावर टिंब, दुसऱ्यावर रेघ, आणि श्रीखंडाचे दोन रिकामे डबे केलेत, झाकणाला रबर लावलेला म्हणजे भरलेले, रबर नसलेला म्हणजे रिकामे. नवरा इंजिनियर आहे. त्याला निकेल सेल भरत आला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली उतरतो आणि चांगला चार्जर तेवढ्यावरून ओळखून थांबतो, हे तोंडपाठ आहे, चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघणारा पाहिजे, जोडीने आणि घड्याळ लावून भरणारा नको, हे त्यानेच मला शिकवलं आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. तोच माणूस मांजर खेळवायच्या लेझरमधून काढलेले रिकामे सेल रबरवाल्या डब्यात टाकतो. विचारलं तर म्हणतो, "अगं मला काय माहीत कुठला डबा." अशा वेळी मला वाटतं की बचत कुणाची होते आणि खर्ची कोण पडतं, ह्याचा पण एक एमएएच असायला पाहिजे.

बरं, फायदा नाही का? आहे ना. बीपीच्या मशीनमध्ये तर डोळे झाकून. त्यात चार पेन्सिल सेल, पट्ट्यात हवा भरायला मोटर, आईंचं रोज सकाळी आणि गरज वाटली तर रात्रीही, साधे सेल त्यात भराभर उतरायचे. सुरुवातीला आई घाबरल्या कारण मशीनवर सेलची खूण लवकर अर्धी दिसायला लागली. ती खूण 1.5 वाल्या अल्कलाइन, म्हणजे चार्ज न होणाऱ्या सेलच्या हिशोबाने बसवलेली असते, तिला 1.2 म्हणजे अर्धा उतरलेला वाटतो, प्रत्यक्षात अजून पुष्कळ दिवस असतात. अल्कलाइनही अर्ध्या वाटेवर 1.2 च्या आसपासच आलेला असतो, तेव्हा ज्या मशीनला तो चालतो त्याला हाही चालायलाच पाहिजे. लेकाची रिमोटची गाडी, गणपतीच्या आराशीतल्या सेलवाल्या लाइटच्या माळा, वायरलेस माउस, ह्या सगळ्या ठिकाणी चार्जिंगचेच. टीव्ही-एसीच्या रिमोटचं जरा गंमतीदार आहे. खाणं तर घड्याळासारखंच नगण्य, बटण दाबलं तरच घोट. त्या हिशोबाने तिथे पंधराचा सेल पाहिजे. पण झिंक-कार्बनच्या सेलची बाहेरची जस्ताची डबी हीच आत खर्ची पडत असते, वापरता वापरता तिला भोकं पडतात आणि तो पाझरतो. उन्हाळा संपला की एसीचा रिमोट आपण आठ महिने विसरतो, मार्चमध्ये उघडला की पांढरट-हिरवी बुरशी आणि खाल्लेली स्प्रिंग. त्या रिमोटची किंमत धरली तर तिथे अडीचशेचा सेल मुळीच महाग नाही. आईंना हे सांगितलं. म्हणाल्या, "मग उन्हाळा संपला की सेल काढून ठेवावा माणसाने." आता ह्याला काय बोलायचं.

मध्ये नवऱ्याला नवीन खूळ लागलं, लिथियमवाले पेन्सिल सेल. महाराणी रोडवरच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने काउंटरवर ओळच लावली, "भिया, अब ये चल रिया है, सीधा मोबाइल के चार्जर से लगाओ, ऊपर छेद दिया है." खरंच त्याच्या डोक्यापाशी टाइप-सीचं भोक. दिसायला इतकं गोड की मी पण हातात घेऊन बघत बसले. आत लिथियमचा सेल असतो साडेतीन-पावणेचार व्होल्टचा, आणि त्याच्या डोक्यात एक छोटी सर्किट ते उतरवून बरोबर 1.5 करते, आणि शेवटपर्यंत 1.5 च ठेवते. ज्या वस्तू 1.2 वर कुरकुरतात, काही दाराची डिजिटल कुलुपं वगैरे, तिथे बरे. पण त्यावरचा मोठ्ठा आकडा एमएएच नसतो, मिलिवॉट-अवर असतो, म्हणजे एमएएचला व्होल्टने गुणून आलेला. 3000 लिहिलं असेल तर 1.5 ने भागायचं, झाले 2000 एमएएच. आणि आपला 2000 वाला निकेल सेल त्याच मापात 2400 भरतो, म्हणजे फरक आहे, पण आकडा बघून वाटतो तेवढा नाही. आणले आम्ही. नवऱ्याने कौतुकाने बाबांच्या जुन्या रेडिओत घातले. लहानपणी त्याच रेडिओवर 648 ला आकाशवाणी इंदूर लागायचं, मालवा हाउसवरून, म्हणजे आकाशवाणीच्या इमारतीवरून आम्ही जाताना मला वाटायचं की आत बसलेले लोक खिडकीतून दिसतील. तर ह्या सेलवर मीडियम वेव्ह लावलं की सुई कुठेही न्या, घूंऽऽऽ. सेलच्या डोक्यातली ती सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि तोच आवाज रेडिओ इमानदारीने पकडतो. निकेलचे घातले, घूं बंद. एफएमला एवढा त्रास नाही होत, पण तो रेडिओ एफएमचा नाहीच. लिथियमवाले आता माउसमध्ये आहेत आणि ठीक आहेत.

मेलेल्या सेलचं काय, हा प्रश्न इंदूरमध्ये टाळता येत नाही. 2017 पासून आमचं शहर सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आणि त्याचा अर्थ असा की सकाळी गाडी येते तेव्हा ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा खण समोर असतात आणि गाडीवरचा भाऊ तुमच्या डब्यात डोकावून बघतो. सेल सुक्यात टाकला तर सगळ्या गल्लीसमोर परत देतो. केंद्राचे 2022 चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेतच, त्याआधीचे 2001 चे नियम फक्त गाडी-इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते, आता हे छोटे सेलही त्यात आले आणि गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आली. कागदावर छान आहे. मी फेव्हिकॉलच्या मोठ्या डब्यात मेलेले सेल साठवते, लिथियमवाल्यांच्या टोकाला चिकटपट्टी लावून, आणि डबा भरला की खाली नेते. चार्जिंगचे आणल्यापासून तो डबा फार हळू भरतो हे खरं. पण घरात सेलवर चालणाऱ्या वस्तू तेव्हापासून वाढल्यात हेही खरं, साबण ओतणारं यंत्र, वजनकाटा, कपाटात हात घातला की पेटणारा दिवा. फुकट आहे असं वाटायला लागलं की माणूस दिवा कुठेही लावतो.

आणि ह्या सगळ्यात एक सेल असा आहे जो माझ्या राज्यात येतच नाही. आईंच्या कानातल्या मशीनचा, 312 नंबरचा, डाळीच्या दाण्यापेक्षा जरासाच मोठा. झिंक-एअर म्हणतात त्याला. त्याला काम करायला हवा लागते, पाठीवर तपकिरी स्टिकर असतं, ते सोललं की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, मग मशीन वापरा नाहीतर ठेवून द्या, तो उतरायला लागलाच. चार्ज वगैरे काही नाही. सहा सेलची गोल चकती मेडिकलवर मिळते. आई स्टिकर सोलतात, सेल तळहातावर मिनिटभर ठेवतात, आणि ते तपकिरी स्टिकर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवतात. वर्षाचं कॅलेंडर चाळलं तर पानापानावर ते ठिपके, एकादशी आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या मध्ये. कुठली चकती लवकर संपली, कुठल्या महिन्यात मशीन जास्त चाललं, सगळं तिथे आहे. डबे नाहीत, रबर नाही, विचारायला कुणी लागत नाही.

गेल्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी सुचवलं की आता चार्जिंगचं मशीन घ्या, रात्री डबीत ठेवलं की सकाळी तयार, म्हाताऱ्या माणसांना तो एवढासा सेल बदलायचा त्रास नको. मी लगेच मान डोलावली. आईंनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आतला सेल म्हातारा झाला की?" डॉक्टर म्हणाले काही वर्षांनी कंपनीकडे पाठवून बदलून घ्यावा लागेल. "तेवढे दिवस मी बहिरी?" डॉक्टर हसले, म्हणाले तोवर दुसरं वापरायला देतो. "आणि पुण्याला गेले तर डबी कोण आठवणीने ठेवणार, ही?" मी म्हटलं, ठेवेन की आई. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. गाडीत मी पुन्हा विषय काढला, दीड-दोन वर्षांत चकत्यांचा खर्च किती होतो ते सांगितलं, त्यांनी खिडकीची काच खाली केली. महागाचा मुद्दा होता म्हणून ऐकू आलं असणारच. टिळक नगरच्या वळणावर म्हणाल्या, "मेडिकलवर थांब जरा, 312 च्या दोन चकत्या घे. तारीख बघून घे, मागच्या वेळी जुनी दिली होती त्याने."